तळाची बेरी

“अगं, ही तर बेरी!”

लेकीच्या घरी जिन्याखालच्या जागेत ठेवलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात डोकावून आमच्या सौभाग्यवतींनी निकाल देऊन टाकला. गाव इंग्लंडमधले डर्बी. पिंपातली वीस लिटर बीअर नुकतीच नळीने बाटल्यांत भरून झाली होती आणि तळाशी दोन बोटे जाडीचा, पिवळट करडा, सायीसारखा दाट लगदा उरला होता. चाळीस वर्षे घरी लोणी कढवून तूप करणाऱ्या बाईला त्या लगद्यात ओळखीचे काहीतरी दिसले. मला मात्र त्यात दोन वर्षांपूर्वीचा माझाच एक घोटाळा दिसत होता.

तो आधी सांगून टाकतो. लेक घरी बीअर करते हे आम्हाला पहिल्या भेटीत कळले. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला ‘घरी केलेली’ म्हटले की हातभट्टी आठवते. नवसागर, रबरी ट्यूब आणि पोलिसांची धाड असे सगळे चित्र एकदम डोळ्यांपुढे उभे राहते. इंग्लंडमध्ये मात्र १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बीअरवरची परवान्याची अट काढून टाकली. तेव्हापासून स्वतःपुरती बीअर घरी करणे हा तिथे लोणचे घालण्याइतका साधा उद्योग झाला आहे. फक्त ती विकायची नाही. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय असे काही करणे गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी माळ्यावर पिंप चढवू नये.) कृतीही स्वयंपाकघरातलीच. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड काढा करायचा, त्यात हॉप्सची कडसर फुले टाकून तासभर उकळायचा, थंड करून पिंपात ओतायचा आणि वर यीस्टची छोटीशी पुडी भुरभुरायची. झाकणाला पाण्याची गुडगुडी लावली की आतला वायू बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. दुसऱ्या दिवशी वर जाड फेस येतो, गुडगुडी रात्रभर बोलत राहते. चार-पाच दिवसांनी ती मंदावते, फेस खाली बसतो आणि तळाशी गाळ साचू लागतो.

नेमका त्या दिवशी मी तिथे डोकावलो. पिंप अर्धपारदर्शक होते, गाळाचा थर बाहेरून दिसत होता. मी म्हणालो, “अगं, एवढी घाण खाली ठेवून वरची बीअर चांगली कशी राहील? गाळून घे की.”

“बाबा, पुस्तकातही आठवड्याने दुसऱ्या पिंपात काढा असंच लिहिलंय,” ती म्हणाली. तिचा हा दुसराच प्रयत्न होता, माझा तर शून्यावा. आम्ही दोघांनी मिळून मलमलीचे फडके बांधले आणि वरून धार धरून सगळी बीअर दुसऱ्या पिंपात गाळली. तळाचा लगदा बागेत टाकला. मनाला फार स्वच्छ वाटले. दोन महिन्यांनी, आम्ही पुण्याला परतल्यावर, तिने पहिली बाटली उघडली आणि फोनवर मला वर्णन ऐकवले: आधी लोण्यासारखा वास, मागून ओल्या पुठ्ठ्याची चव. वीस लिटर बीअर मोरीत गेली.

चूक काय झाली ते समजायला मला बराच वेळ लागला, कारण गाळ म्हणजे घाण हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. मराठीत ‘निवळणे’ हा शब्दच किती प्रतिष्ठेचा! पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, जुन्या घरांत निवळीची बी माठाच्या आतल्या बाजूला घासायची, गाळ खाली बसला की वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. त्यात खालचे टाकाऊ आणि वरचे खरे. पाण्याच्या बाबतीत हे बरोबरच आहे. बीअरच्या पिंपातला गाळ मात्र बाहेरून पडलेला नसतो. बीअर ज्यांनी केली तेच काम आटोपून तिथे बसलेले असतात, आणि त्यातल्या काहींचे काम अजून संपलेलेही नसते.

हा गाळ एकाच जातीचा नसतो. सगळ्यात खालचा थर काढ्याचा. डाळ उकळताना वर फेसासारखे काहीतरी येते, तशी बार्लीतली प्रथिने उकळताना गोळा होतात आणि काढा थंड होताना आणखी गोठतात. त्यांत हॉप्सचा चुरा आणि तुरट द्रव्ये अडकतात. या थरात थोडी चरबीही असते, आणि ती महत्त्वाची आहे. यीस्टची पेशी दुभंगून दोन होते तेव्हा नव्या पेशीला नवे आवरण लागते. त्यासाठी एक तर प्राणवायू हवा, नाही तर तयार स्निग्ध पदार्थ. बंद पिंपातला प्राणवायू यीस्ट पहिल्या काही तासांतच संपवून टाकते. मग हा खालचा ओशट गाळच त्याच्या उपयोगी पडतो. म्हणून काढ्याबरोबर थोडा गाळ पिंपात गेला तर आंबण्याची क्रिया जोमाने चालते. फार गेला तर मात्र पेल्यावरचा फेस टिकत नाही, बीअर लवकर शिळी होते, आणि यीस्टमुळे येणारा केळ्यासारखा फळांचा वास कमी पडतो. माझे मत विचाराल तर काढा पिंपात ओतताना पातेल्याच्या तळाचा गाळ जमेल तेवढा मागे ठेवावा, आणि त्यासाठी जीव काढू नये.

त्याच्यावरचा सायीसारखा थर म्हणजे यीस्ट. साखर संपली की पेशी एकमेकींना चिकटून खाली बसतात. पण त्याआधी आणि बसता बसताही त्या एक काम करतात, जे माझ्यासारख्या घाईच्या माणसाला दिसत नाही. आंबण्याच्या पहिल्या जोमात यीस्टच्या कामातूनच डायअसेटिल नावाचे एक द्रव्य तयार होते. लोण्याला येणारा वास असतो तो हाच. शेवटच्या काही दिवसांत यीस्ट हे द्रव्य परत शोषून घेते. म्हणजे स्वतः केलेला पसारा स्वतःच आवरते. आम्ही पाचव्याच दिवशी बीअर वरून काढून घेतली आणि बहुतेक आवरणारी मंडळी बागेत फेकली. लोण्याचा वास त्यामुळे राहिला. पुठ्ठ्याची चव आली ती वरून धार धरल्यामुळे. गाळताना बीअरमध्ये हवा मिसळली, आणि आंबलेल्या बीअरला हवेसारखा दुसरा शत्रू नाही. राहता राहिले मलमलीचे फडके. यीस्टची एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. मलमल तिला काय अडवणार! ते फडके आम्ही केवळ आमच्या समाधानासाठी बांधले होते.

बँकेत सस्पेन्स नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचे मूळ अजून कळलेले नाही ती तात्पुरती तिथे बसते. नवा अधिकारी शाखेत आला की त्याला पहिली घाई असते ती हे खाते चकचकीत करण्याची. तपासनीस येण्याच्या आत मिळेल त्या खात्यावर नोंदी ढकलून तो मोकळा होतो, आणि पुढे वर्षभर त्या चुका निस्तरत बसतो. टपालाने सल्लापत्रे यायची त्या काळात चार दिवस थांबले की निम्म्या नोंदी आपोआप जुळत. मात्र थांबायचे म्हणून सहा महिने थांबलेली शाखाही मी पाहिली आहे. तिची गोष्ट वेगळ्या कादंबरीची आहे.

मग नवशिक्यांच्या पुस्तकांनी गाळाची एवढी भीती का घातली? याचे एक कारण असे की ती पुस्तके कारखान्यांकडे बघून लिहिली गेली. कारखान्यातली टाकी काही मजले उंच असते, तळाशी निमुळती होत गेलेली. त्या टोकात यीस्ट साचते, वरून हजारो लिटरचा दाब येतो, मध्यभागी ऊब धरते आणि पेशी लवकर मरू लागतात. तिथे काही दिवसांत तळाचे यीस्ट काढून घ्यावेच लागते. घरचे वीस लिटरचे पिंप बुटके आणि रुंद. गाळ पसरून बसतो, त्याच्यावर हातभर बीअर. तिथे दोन-तीन आठवडे काहीही बिघडत नाही. जाणकारांनी हे पुढे मान्य केले, आणि साध्या बीअरसाठी दुसऱ्या पिंपात काढण्याचा सल्ला आता बरेच जण देत नाहीत. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी तर एकाच काढ्याची दोन पिंपे करून, एकात गाळ भरपूर आणि एकात अगदी थोडा ठेवून लोकांना चव घ्यायला लावली. चव घेणाऱ्यांना फरक कधी ओळखता आला, कधी नाही. गंमत म्हणजे जास्त गाळाच्या पिंपातली बीअर उलट अधिक निवळ निघाल्याचेही दिसले.

लेकीने ही परीक्षा आमच्यावरही घेतली. तीन पेले, त्यांतल्या दोनांत एकच बीअर आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता ते सांगायचे. ही तीन पेल्यांची रीत १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात रूढ झाली. मी अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचा पेला उचलला. सौभाग्यवतींनी चव न घेता, नुसत्या वासावर बरोबर उचलला. तूप पारखणाऱ्या नाकापुढे आमचे काय चालणार.

दुसरे कारण डोळ्यांचे आहे. युरोपातला सामान्य माणूस शतकानुशतके दगडी, लाकडी किंवा जस्तासारख्या धातूच्या मगातून बीअर पीत होता. आत काय तरंगते आहे हे त्याला दिसत नव्हते आणि त्याचे काही अडतही नव्हते. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावी सोनेरी, आरपार दिसणारी बीअर निघाली, त्याच सुमारास काचेचे पेले स्वस्त होऊ लागले, आणि बीअर डोळ्यांनी पारखण्याची सवय लागली. निवळ म्हणजे चांगली, गढूळ म्हणजे बिघडलेली. बव्हेरियातल्या गव्हाच्या बीअरने ही समजूत कधी मानली नाही. तिथे बाटलीच्या तळाचे यीस्ट मुद्दाम घुसळून पेल्यात ओततात. इंग्लंडमध्ये १९७१ साली ग्राहकांनी जिवंत यीस्टच्या बीअरसाठी चळवळ सुरू केली. पिंपात तळाशी गाळ असलेली आणि त्याच पिंपातून पेल्यात येणारी बीअर त्यांना हवी होती. आता तर मुद्दाम गढूळ ठेवलेली बीअर तरुणांत लोकप्रिय आहे. तिचा गढूळपणा गाळाचा नसून न बसणाऱ्या प्रथिनांचा असतो, पण तेवढी चौकशी कोण करतो?

आता दुसऱ्या टोकाची चूक. ही माझी नाही, लेकीची. एका हिवाळ्यात ती लग्नासाठी पुण्याला आली. महिनाभर राहून परत गेली, पण नोकरीच्या धबडग्यात गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवलेले पिंप विसरली. आठवण झाली तेव्हा चार महिने होऊन गेले होते. त्या कपाटाची ऊब कपडे वाळवायला उत्तम, गाळाला मारक. झाकण उघडल्यावर आधी तिला वाटले शेजाऱ्यांकडे काहीतरी शिजते आहे. आटवलेल्या आमटीचा, खारट, थोडा रबरासारखा वास. तिने मला लिहिले, “बाबा, बीअरचं मार्माइट झालं!”

ही थट्टा नव्हती, अक्षरशः खरे होते. उपाशी यीस्ट फार काळ उबेत राहिले की पेशी मरते आणि तिच्यातलीच पाचकद्रव्ये तिला आतून पचवू लागतात. आवरण फुटते, आतले सगळे बीअरमध्ये उतरते, फेस मरतो, चव बिघडते. बीअरवाल्यांच्या दृष्टीने हा मोठा दोष. मार्माइटच्या कारखान्यात नेमके हेच मुद्दाम घडवतात. यीस्टमध्ये मीठ घालून ते ऊन ठेवतात, पेशी स्वतःला पचवतात, टरफले गाळून टाकतात आणि उरलेला रस काकवीसारखा काळा होईपर्यंत आटवतात. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो. म्हणजे बेरी करपू देण्याचीच ही कृती, फक्त अगदी बेतशीर.

आणि हा कारखाना डर्बीपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत, बर्टन अपॉन ट्रेंट गावात आहे. १९०२ साली तो तिथेच निघाला याला कारण आहे. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली फिकट रंगाची, कडसर बीअर नावाजलेली. १८२० च्या दशकापासून ती जहाजांनी हिंदुस्थानात येत होती. फिकट बीअर काचेच्या पेल्यात गढूळ दिसून चालत नाही, म्हणून तिथे यीस्ट वेगळे करण्याची एक खास मांडणी होती. १८३८ साली तिचे पेटंट घेतले गेले. लाकडी पिंपांची रांग, प्रत्येकावर बगळ्याच्या मानेसारखी नळी, वर एक लांब पन्हळ. आंबताना फेसाबरोबर यीस्ट नळीतून वर चढून पन्हळीत पडे, बीअर निथळून पुन्हा पिंपात उतरे, यीस्ट मागे राही. ही मांडणी चालवणाऱ्या बर्टनच्या शेवटच्या मोठ्या कारखान्याने २०२४ साली ती बंद केली. तिचा एक संच डर्बीशरच्या दुसऱ्या छोट्या कारखान्याने वाचवला. अशा सगळ्या कारखान्यांत मिळून रोज यीस्टचा ढीग पडे. पुढच्या बीअरला त्यातले थोडेच लागे. उरलेल्याचे करायचे काय? यीस्ट आटवून खाता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. मार्माइट कंपनीने बर्टनच्या बासच्या कारखान्यातले यीस्ट घेतले आणि बरण्या भरायला सुरुवात केली.

इथवरची कथा तिथली. पुढची मुंबईची आहे, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते याचे मला वाईट वाटते.

१९२८ साली लूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेली बाई. मुंबईत बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या भयंकर होती आणि त्याची कारणे शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने चौकशी सुरू झाली होती. विल्स यांच्याकडे त्यातला गरोदरपणातल्या पंडुरोगाचा भाग आला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम चाले. कापड गिरण्यांत राबणाऱ्या आणि गरीब वस्त्यांत राहणाऱ्या बायका सातव्या-आठव्या महिन्यात पांढऱ्याफटक पडत, दम लागे, पाय सुजत, आणि कित्येकी बाळंतपणाच्या आगेमागे जात. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी होत्या, पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडून होणाऱ्या पंडुरोगात पेशी लहान होतात. म्हणजे हा आजार निराळा होता.

विल्स यांनी आधी जंतूंचा संशय तपासला, तो टिकला नाही. मग त्या जेवणाकडे वळल्या. कोण काय खाते याची घरोघर चौकशी केली. गरीब बायकांच्या ताटात भाजी-फळे जवळपास नव्हतीच. तसेच जेवण त्यांनी प्रयोगशाळेत उंदरांना आणि माकडांना दिले. त्यांनाही पंडुरोग झाला. मग एकेक पदार्थ देऊन पाहिला. लिव्हर उपयोगी पडे, पण ते महाग, आणि अनेक घरांत चालणारही नव्हते. यीस्टच्या अर्काने मात्र, म्हणजे मार्माइटने, रक्त सुधारले. प्राण्यांचे सुधारले आणि रुग्ण बायकांचेही सुधारले. १९३१ साली त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधले नेमके कोणते द्रव्य हे काम करते ते त्यांना ठाऊक नव्हते. जगाने त्याला काही वर्षे ‘विल्स फॅक्टर’ म्हटले.

१९४१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले गेले. पानातून मिळाले म्हणून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. विल्स यांच्या घटकाशी ते जुळले. ते कृत्रिमरीत्या बनवण्याचे श्रेय १९४० च्या दशकाच्या मध्यावर लेडर्ली प्रयोगशाळेतल्या ज्या चमूला जाते, त्याचे प्रमुख होते आंध्रमधून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीने सिद्ध केले, की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या पाठीच्या कण्यातले आणि मेंदूतले जन्मजात दोष बऱ्याच प्रमाणात टळतात. आज आपल्या घरातली सून किंवा लेक डॉक्टरकडे पहिल्यांदा जाते तेव्हा चिठ्ठीवर ही छोटी गोळी असतेच. आमच्या लेकीच्याही होती. तिची आई दर रात्री फोनवर विचारायची, “गोळी घेतलीस ना गं?” ही गोळी परळमधून निघाली आणि परळला ती बर्टनच्या बीअरच्या गाळातून आली, हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

यावरून कोणी गरोदर बाईला बीअर देऊ नये. तिने ती थेंबभरही घेऊ नये, असेच डॉक्टर सांगतात. पिंपातला ताजा गाळ चमच्याने खाण्यातही शहाणपण नाही. जिवंत यीस्ट पोटात जाऊन गॅस करते एवढेच फळ मिळेल. विल्स यांनी दिला तो शिजवलेला, आटवलेला अर्क होता.

आता लेकीची बीअर तीन आठवडे गाळावर बसते, हात न लावता. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी पिंप उचलून ओट्यावर ठेवते, म्हणजे ढवळलेले रात्रभरात पुन्हा बसते. नळीचे तोंड गाळाच्या दोन बोटे वर, आणि शेवटची अर्धा लिटर बीअर खुशाल सोडून द्यायची. तो अर्धा लिटर वाचवायला गेलेल्या माणसाच्या निम्म्या बाटल्या गढूळ होतात. आंबणे पूर्ण झाले आहे ना, हे ती घनता मोजून दोनदा पाहते. बाटल्यांत फेसासाठी पुन्हा थोडी साखर जाते, आणि आधीची साखर उरलेली असेल तर बाटली फुटते. काचेची बाटली फुटली तर ती चेष्टा नसते. बाटलीतही तळाशी पातळ साका बसतो. ओतताना हात स्थिर ठेवून शेवटचा घोट बाटलीतच ठेवायचा.

तर त्या दिवशी जिन्याखाली. सौभाग्यवतींनी बेरी म्हटल्यावर लेक हसली. “आई, अगदी बरोबर. लवकर काढली तर तूप कच्चं, उशीर झाला तर करपून सगळ्याला वास. तू पुस्तकच लिही.” मग तिने उकळत्या पाण्यातून काढलेली बरणी घेतली, तळाचा वरवरचा सायीसारखा भाग डावाने त्यात भरला, झाकण सैल ठेवले आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवली. “पुढच्या वेळचं विरजण,” ती म्हणाली. मला १५१६ सालचा बव्हेरियाचा तो प्रसिद्ध कायदा आठवला. बीअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याशिवाय काही घालू नये असे त्यात म्हटले आहे. यीस्टचा उल्लेखच नाही. पाश्चरचे बीअरवरचे पुस्तक निघायला १८७६ साल उजाडावे लागले आणि कार्ल्सबर्गमध्ये हान्सन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले ते १८८३ मध्ये. तोवर मागच्या पिंपाचा गाळ पुढच्या पिंपात घालण्याचे काम निनावीच चालत होते. गोव्यात माडीने सान्ना आणि पाव फुगवणाऱ्या बायकांनी तरी कुठे त्याचे नाव विचारले होते?

विरजण शब्द ऐकून सौभाग्यवतींचे हात शिवशिवू लागले. दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली असताना त्यांनी बरणीतले दोन चमचे काढून पावाचे पीठ मळले. पीठ दुपारपर्यंत दुप्पट फुगले. पाव उत्तम, हलका, आणि हॉप्समुळे चांगलाच कडू. लेकीने त्याला लोणी लावले आणि वर मार्माइटचा पातळ हात फिरवून बशी माझ्यापुढे सरकवली. मी अर्धी फोड खाल्ली. उरलेली अर्धी बागेतल्या त्याच जागी टाकली, जिथे दोन वर्षांपूर्वी तो लगदा टाकला होता. तिथे आता लेकीने कोथिंबीर लावली आहे.